दोरीपलीकडची बैठक

त्याने दारातच बूट काढले, आणि हंदानला हसू आलं.

"अहो, राहू द्या. वरून हे प्लास्टिक चढवलं की झालं."

"बूट घालून या उंबऱ्याच्या आत?" तो घुटमळला. "नाही जमायचं मला."

पायात राखाडी लोकरी मोजे होते. एकाच्या अंगठ्याला भोक. तिने ते पाहिलं हे कळताच त्याने अंगठा हळूच आत दुमडला.

बाहेर नोव्हेंबरची भुरभुर चालू होती. तुर्कस्तानातल्या साफ्रानबोलू गावाच्या उतरत्या गल्ल्यांत सकाळपासून चिटपाखरू नव्हतं. दुरुस्त करून संग्रहालय केलेली ही जुनी हवेली येणाऱ्यांना दाखवायची, हे हंदानचं काम. आज एवढा एकच पाहुणा... आणि तोही असा, की बोलण्याआधी जरासा हसायचा आणि तिला पुढचं वाक्यच आठवेना!

वरच्या मजल्यावर जाळीच्या खिडकीशी तिने त्याला उभं केलं. आवाज मुलायम केला आणि रोजची गोष्ट सुरू केली.

"इथे झेहरा नावाची नवी नवरी बसायची. नवरा लढाईवर गेलेला. वर्षानुवर्षं ती इथून वाट पाहायची..."

"कुठल्या लढाईवर?"

"म्हणजे... मोठ्या."

"पणजोबा तर खालच्याच गल्लीत तांब्याची भांडी घडवत बसायचे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "गिऱ्हाईक बाई असली, की पणजी इथून मोठ्याने खाकरायची."

हंदानच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही... या घरातले?"

"ओर्कुन. इथेच वाढलो. पण तुमची झेहरा आवडली हं मला! पणजी एवढी प्रेमळ असती, तर आजोबा तरी जरा गोड निघाले असते."

"चेष्टा करताय माझी."

"थोडीशी. लाजलात की तुमची थाप खरी वाटते."

हसतहसतच दोघं पुढच्या खोलीशी आली, आणि त्याचं हसू विरलं. दाराला जाड लाल दोरी अडकवलेली. आत एक जुनी शेगडी, खिडक्यांखाली भिंतीलगतची लांब बैठक, तिच्यावर शुभ्र चादर.

"आईचा शेवटचा हिवाळा याच खोलीत गेला," तो हळूच म्हणाला. "मी लांब बुर्सा शहरात, कारखान्यात. रजा मिळेना. पोचलो तेव्हा... दफन उरकलं होतं. मग काकांनी घर विकलं. त्यानंतर आजच येतोय."

त्याची बोटं दोरीवर घट्ट आवळली होती. हंदान त्या बोटांकडे पाहत राहिली. बैठकीवर कुणालाही टेकू द्यायचं नाही, अशी मुझेय्येनताईंची सक्त ताकीद होती. ताई इथल्या प्रमुख, आणि हंदानची नोकरी अजून कच्ची.

तिने दोरीचा आकडा काढला.

"बसा."

तो शेगडीपासून लांबच्या, गार कोपऱ्यात जाऊन बसला. "आई इथे बसायची. उबेची जागा आमच्यासाठी..." त्याने डोळ्यांवर हात धरला. हंदानने पाठ फिरवली आणि ती जिन्याकडे पाहत उभी राहिली. त्याला मोकळेपणाने रडता यावं म्हणून.

जिना करकरला. "अगं बाई! बैठकीवर कोण बसलंय?" मुझेय्येनताई!

"ती त्यांच्या आईची जागा आहे, ताई." हंदान दारात आडवी उभी राहिली. "मीच बसवलंय त्यांना. काय बोलायचं ते मला बोला."

ताईंनी त्याचे लाल डोळे पाहिले. ते फाटके मोजे पाहिले.

"घरच्या माणसाला असं कोरडं बसवतात का?" त्या करवादल्या. "चहा आण जा, हंदान!"

संध्याकाळी ती कुलूप लावायला बाहेर आली, तर तो वळचणीखाली उभा.

"बस गेली तुमची?"

"जाऊ दिली." तो एक पाऊल पुढे आला. "घराचा निरोप घ्यायला आलो होतो, हंदान हानुम. तो घेऊन झाला. मग वाटलं, तुमचाही घ्यावा... तर तो काही घेता येईना."

किल्ली फिरेना, की तिचाच हात फिरेना, कोण जाणे! कुलपाकडे पाहतच ती म्हणाली,

"मग नका घेऊ."

"खरंच?"

"आणि ते आदराचं 'हानुम' राहू दे." आता मात्र तिने थेट त्याच्याकडे पाहिलं. "चल ना... थंडी वाजतेय मला."