रेघेला रेघ

चंद्रावरच्या खाणवसाहतीत माणसाचा रक्तगट त्याच्या पोटावर असे. किरणोत्साराने अंगात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिप जळत, म्हणून काळ्या पट्ट्यांचं ‘आरोग्यगोंदण’ आलं. बोगद्यातलं उपचारयंत्र ते वाची आणि तेवढंच मानी. घाबरलेला माणूस काहीही बरळतो, त्यामुळे तोंडी सांगण्याला किंमत नव्हती.

शस्त्रक्रियेत गोंदण कापलं गेलं, तर त्यावर काट मारून ते रद्द करायचं, असा नियम होता. वसाहतीच्या एकुलत्या एक सर्जन डॉ. अनसूया खैरमोडे यांना तो आपल्या हाताचा अपमान वाटे. त्या रेघेला रेघ जुळवून शिवत. नवऱ्याचं, वामनचं, पित्ताशय काढलं तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून शिवलं होतं.

मग बोगदा ढासळला. त्यात धोंडिबा नावाचा खाणकामगार साध्या जखमेने गेला. शाईतज्ज्ञ टिपणीसांनी प्रयोगशाळेत त्याच्या गोंदणाचं चित्र लावलं.

“बाई, हा तुमचा जुना रुग्ण. गट ए. यंत्र वाचतंय बी. तेच रक्त चढवलं, त्यानेच गेला.”

“शक्यच नाही! मी केसाचा फरक ठेवला नव्हता.”

“टाके घातले तेव्हा नव्हताच. पण व्रण महिनोन्‌महिने आक्रसतो, कातडीतल्या पट्ट्या ओढून घेतो. अंतर बदललं की गट बदलला.”

“मग यंत्राला चूक कळत नाही?”

“रेघ तुटकी दिसली असती तर कळली असती. वाचता आलं नाही की ते सगळ्यांना चालणारं ओ रक्त देतं. तुमच्या शिवणीत त्याला खोटच सापडली नाही.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वामनही ए गटाचा होता, आणि तोच बोगदा मोकळा करायला आज खाली उतरला होता. त्यांनी त्याला वर बोलवायला ध्वनिक्षेपक उचलला, तोच भोंगा वाजला. छत पुन्हा कोसळलं होतं.

“वामन! ऐकतोयस? पोटावरचं गोंदण खरवड! दगडाने, नखाने, कशानेही!”

“काय बोलतेस, अनू? यंत्र आलंय. पायातून रक्त जातंय, बाकी बरा आहे.”

“अरे, खरवड म्हणते ना! तुझ्या पाया पडते!”

“हात दगडाखाली आहेत गं.”

मागून यंत्राचा शांत आवाज आला, “गोंदण सुस्पष्ट. गट बी. रक्त सुरू.”

अनसूया ओरडत राहिली. यंत्र तिचं ऐकणार नव्हतं.

“रडू नकोस,” वामन म्हणाला. “सुटेन मी यातून. फक्त एकाएकी थंडी भरलीय गं.”