झाकणाखालचं पाणी

"मामा! पुन्हा तेच!"

टिटवी ओरडली आणि इंजिनाने दोन आचके दिले. मग ते गप्पच झालं. खाडीच्या मधोमध होडी नुसती डुलत राहिली. त्या शांततेत एकच आवाज उरला होता, पिल्लूच्या छातीतल्या शिट्टीचा.

पिल्लू म्हणजे टिटवीचा धाकटा भाऊ. सकाळी उठल्यापासून त्याला दम लागला होता. आईने त्याला मांडीवर ताठ बसवलं होतं. आडवं केलं की त्याचा जीव आणखी घाबरा व्हायचा. इस्पितळ समोर दिसत होतं. पांढरी भिंत, निळं फाटक, फाटकाशी उभी असलेली माणसंसुद्धा! पण अजून अर्धी खाडी बाकी होती.

मामाने इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडलं, काहीबाही चाचपलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"ही जागाच वाईट आहे," तो पुटपुटला. "बरोब्बर इथंच दगा देतं."

आईचा हात पिल्लूच्या पाठीवरून फिरत राहिला, पण नजर त्या निळ्या फाटकावरून हलली नाही. बऱ्याच वेळाने इंजिन सुरू झालं.

इस्पितळात पिल्लूला औषधाची वाफ दिली आणि हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला नेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळी इतका उशीर चालणार नाही."

आईला वाटलं, मुलांनी ऐकलं नसेल. पण टिटवीने ऐकलंच. कुठं जरा खुट्ट झालं की ही आधी ओरडणार, म्हणून तर मामाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं!

मामाच्या वस्तीत इंजिनाची होडी ही एकच. रस्त्याने इस्पितळ गाठायचं तर सगळ्या खाडीला वळसा. सुट्टी अजून बरीच बाकी होती, पण आईने परत येताच घरी जायला पिशव्या बाहेर काढल्या.

* * *

"कुणीतरी मुद्दाम करतंय!" गुरुजीने चष्मा नाकावर चढवत जाहीर केलं. हा मामाचा मुलगा. वय अकरा, पण कुठल्याही प्रश्नाला याचं उत्तर तयार, म्हणून गुरुजी.

"कोण करतंय?"

"ते अजून ठरवलं नाही."

"वा! आधी चोर ठरव, मग चोरी शोधू!" भिंगरी फिसकन हसली. ती गुरुजीची धाकटी बहीण. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. धक्क्याजवळ पालथ्या घातलेल्या जुन्या होडीच्या सावलीत तिघांची सभा भरली होती, आणि भिंगरी त्या होडीवर चढउतार करत सभेत भाग घेत होती.

टिटवी मात्र हसली नाही. "मेकॅनिककाका दुपारी येतात, तेव्हा इंजिन कसं शहाण्यासारखं चालतं. दुपारच्या फेऱ्याही नीट होतात. बंद पडतं ते फक्त सकाळच्या पहिल्या फेरीला. तेही धक्क्यावर नाही, मधोमध. का?"

"जागाच वाईट आहे!" भिंगरीने मामाचा आवाज काढला.

"मग दुपारी ती जागा चांगली होते का?"

"ते पहारा दिला की कळेल!" गुरुजी म्हणाला.

संध्याकाळी तिघं धक्क्यावर पहारा देत बसले. शेवटची फेरी संपली, माणसं उतरून गेली. होडीकडे कुणी परकं फिरकलंसुद्धा नाही. एकटा मामा तेवढा मागे राहिला. त्याने विहिरीचं गोडं पाणी बादलीने आणलं आणि लेकराला आंघोळ घालावी तसं इंजिन धुतलं. तापलेलं लोखंड चर्रर्र झालं, वाफ उठली. मामाने वरवर फडकं फिरवलं आणि लगेच झाकण लावून टाकलं.

"मामा, रोज धुतोस?"

"मग! खारं पाणी लोखंड खातं गं. आणि हे बघितलंस?" त्याने अभिमानाने पेटी थोपटली. "मागे वादळात लाटेचं पाणी आत गेलं होतं ना? तेव्हापासून झाकणाला आणि चारी बाजूंना आतून जाड प्लास्टिक लावलंय. फटीसुद्धा बुजवल्यात. आता आत मुंगी शिरायची नाही!"

पहारा फुकट गेला. तिघं मान खाली घालून जेवायला बसले. गुरुजीने भात वाढून घेतला आणि पातेल्यावर दाणकन झाकण ठेवलं.

"अरे, वाफ जाऊ दे की आधी!" मामी ओरडली. "भाताचा गिचका करून ठेवशील!" तिने झाकण उचललं. त्याच्या आतून पाणी टपटप भातात गळलं आणि गुरुजीचा चष्मा वाफेने पांढराफटक झाला.

टिटवीचा घास हातातच राहिला. "मामी, झाकणाला पाणी कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? भातातूनच! वरून का कुणी ओतलं?"

टिटवीने गुरुजीकडे पाहिलं. गुरुजीला काही दिसत नव्हतं, पण तोही चष्मा पुसायचा थांबला होता.

* * *

सकाळी उतारू यायच्या आधीच तिघं धक्क्यावर हजर!

"मामा, झाकण जरा वर कर ना. अगदी हळू."

मामाने कुरकुरत झाकण वर केलं. आतल्या प्लास्टिकला थेंब लटकत होते. एकाशेजारी एक, टपोरे, पडायच्या बेतात आलेले! आणि त्यांच्या बरोबर खाली कॉइल होती. इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीसाठी वीज तिथूनच येते. तिच्या वायरींचे जोडही तिथेच होते.

"दव असेल," मामा म्हणाला. "आत पाणी यायला वाटच नाही."

"आत यायला वाट नाही, मग बाहेर जायला तरी कुठं आहे, मामा?" टिटवीने झाकणाकडे बोट दाखवलं. "गरम इंजिनावर तू पाणी ओततोस आणि लगेच झाकतोस. वाफ आतच कोंडते. मामीच्या भातासारखी!"

"चार थेंबांनी इंजिन मरत नसतं, टिटवे. हे बघ!" मामाने झाकण लावलं आणि बटण दाबलं. इंजिन झकास सुरू झालं. "दिसलं? उगाच आपलं…"

"आता हलवा!" टिटवी ओरडली.

गुरुजी एका काठाला, भिंगरी दुसऱ्या काठाला! दोघांनी आळीपाळीने जोर दिला. बांधलेली होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, मधल्या प्रवाहात कलायची अगदी तशीच.

इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

"ही जागापण वाईट का, बाबा?" भिंगरीने विचारलं.

मामा बाकावर बसला. "पाणी आत येऊ नये म्हणून केलं गं मी हे," तो म्हणाला. "आणि पोराचा जीव…"

मेकॅनिककाकांना तातडीने बोलावणं गेलं. त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. "चालू इंजिनाच्या वायरीला हात लावायचा नाही. कळलं का रे, पोरांनो?" त्यांनी दरडावलं आणि मग एक जोड उघडून दाखवला. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. काका ओशाळले. "मी येतो दुपारी. तोवर उन्हाने पेटी तापून सगळं कोरडं झालेलं असतं. पण जोड उघडून बघायला हवे होते मी. नुसतं इंजिन चालू होतंय म्हणून परत जायचो."

दिवसभर काम चाललं. प्लास्टिक सगळं निघालं. जोड घासून साफ झाले आणि ओल शिरू नये म्हणून त्यांना ग्रीस लागलं. वायरींना जोडाच्या अलीकडे खाली झोल दिला, म्हणजे ओघळ आला तरी पाणी जोडापर्यंत न जाता झोलावरूनच गळून जाईल. कॉइलवर छोटं छप्पर आलं. पेटीला खाली तोंड केलेल्या फटी पाडल्या, म्हणजे लाट आत येणार नाही, पण वारा खेळेल. आणि मामाची बादली बंद! इंजिन निवल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, आणि मगच झाकण.

आईने हे सगळं दारातून पाहिलं. पिशव्या मात्र तिने भरूनच ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलायला वेळच मिळाला नाही. पिल्लूची शिट्टी पुन्हा सुरू झाली होती.

वारा सुटला होता, खाडी चांगलीच खवळली होती. पिल्लूला कडेवर घेऊन आई धक्क्यावर आली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. होडीत बसायचं, की वळशाच्या रस्त्याला लागायचं? तिने मामाकडे पाहिलं नाही. टिटवीकडे पाहिलं.

"जाऊ या का गं?"

एवढा मोठा प्रश्न आईने तिला कधी विचारला नव्हता. टिटवी पेटीजवळ गेली. झाकण उचलून तिने आतून सगळीकडे तळवा फिरवला. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मग तळवा आईसमोर धरला.

"कोरडं आहे, आई. चल."

होडी निघाली. ती जागा जवळ आली तशी भिंगरीसुद्धा एका जागी बसली! लाटेने होडी डावीकडे लोटली, मग उजवीकडे. पाण्याचा सपकारा पेटीवर बसला. गुरुजीने डोळे मिटून घेतले. टिटवीने मात्र उघडेच ठेवले.

इंजिन एका सुरात चालत राहिलं. निळं फाटक मोठं मोठं होत गेलं.

"आज वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई पिल्लूला मास्क लावत म्हणाल्या. आईने मामाकडे बोट दाखवलं, मामाने मुलांकडे. आईने तिघांच्याही डोक्यांवरून हात फिरवला. टिटवीच्या डोक्यावर तो जरा जास्तच रेंगाळला. परत आल्यावर तिने पिशव्या रिकाम्या केल्या.

संध्याकाळी शेवटची फेरी संपली. मामाने इंजिन पुसलं, पेटीजवळ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी झाकण धरून हाक मारली, "टिटवे, लावू का गं आता?"

टिटवीने वाकून इंजिनाला हात लावून पाहिला.

"अजून कोमट आहे, मामा. थांब."

आणि मामा थांबला.