मोहरीएवढा हिरवा ठिपका

गाडीच्या एसीच्या नळीवर, सांध्यापाशी, मोहरीएवढा हिरवा ठिपका चमकत होता. मेकॅनिकने जांभळा दिवा जवळ नेला, तशी ठिपक्याभोवती आणखी एक कड दिसली... फिकट हिरवी, धूळ बसलेली.

त्याने दिवा चटकन बाजूला घेतला. पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या नजरेतून डाग सुटतो थोडाच!

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा दाखवा."

"काही नाही मॅडम... थोडी गळती आहे."

"थोडी आहे, पण जुनी आहे. गळती शोधायचा हा रंग तुम्ही गॅसमध्ये कधी सोडलात?"

गॅरेजमध्ये त्याला सगळे थंडोबा म्हणत. दुसऱ्यांच्या गाड्या गार करायचा आणि स्वतः कधी तापायचा नाही. आज मात्र त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही आलात त्या पहिल्याच उन्हाळ्यात."

"म्हणजे तेव्हापासून माहीत होतं! आणि दर वर्षी नुसता गॅस भरत राहिलात?"

"सांधा बदलला असता, तर... तुम्ही परत कशाला आला असतात?"

तिला रागवायचं होतं. पण कुठल्या तोंडाने? बंद नळ्यांमधला गॅस आपोआप संपत नाही, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तरी दर उन्हाळ्यात इथे येऊन, पापणीही न लववता म्हणायची, "गॅस संपला वाटतं!"

मागच्या सीटवरचे बाबा तेव्हा खोकल्याचं निमित्त करून हसायचे. परतताना म्हणायचे, "अगं, विचारून टाक त्या थंडोबाला. नाहीतर मी विचारतो."

"पुढच्या वर्षी बघू हो, बाबा."

बाबा हिवाळ्यात गेले. मागच्या सीटवरची त्यांची उशी तिने अजून हलवली नव्हती.

"चुकलंच माझं," थंडोबा हलकेच म्हणाला. "गॅसबरोबर तेलही झिरपत गेलं. कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम झालाय. तेव्हाच सांधा बदलून, सरळ काय ते बोललो असतो, तर..."

"तर बाबांनी ते पाहिलं असतं," ती म्हणाली.

त्याने दिवा विझवला.

"खोटं नाही सांगत, या गाडीवर आता खर्च करू नका. विकून टाका." पुसलेलेच हात तो पुन्हा पुसत होता. "नवी घ्याल, तिचा एसी थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं लावत जा. तेल फिरतं राहिलं की सील सुकत नाहीत. मग... गॅरेजचं तोंड बघायला नको."

"भाऊही विकच म्हणतो."

"बरोबर आहे त्यांचं."

"एवढंच म्हणणार तुम्ही?"

तो खाली वाकून दिव्याची वायर गुंडाळू लागला.

तिने मागचं दार उघडून उशी उचलली. बाबांच्या डोक्याच्या तेलाचा वास अजून होता. उशी छातीशी धरून ती वळली.

"विकते गाडी," ती म्हणाली. "आणि... पुढच्या वर्षी नाही, आत्ताच सांगते. मला तुमच्याशी लग्न करायचंय."