बसा या खुर्चीत

खुर्ची तीच होती. उजवा हात उसवलेला, एक चाक अडखळणारं. महापालिकेच्या भंगारातून डॉ. शर्वाणी नाईकनवरे हिनं ती मुद्दाम शोधून आणली होती. प्रयोगशाळेत इतक्या धड खुर्च्या असताना हीच कशाला, असं तांबोळी सरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझा भाऊ हिच्यात बसून बदनाम झाला. तो माणूसही हिच्यातच बसून होईल."

तो माणूस म्हणजे हेरंब कुळथे. दोन वर्षांपूर्वी त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता तो महापालिकेच्या निवडणुकीला उभा होता आणि प्रयोगशाळेच्या सभागृहाच्या दारात हार घालून घेत होता.

दोन वर्षांपूर्वी भोगा नदीला पूर आला आणि शिरवळी शहराच्या कासारपेठेत एकोणीस माणसं बुडाली. पेठेत त्या दिवशी देवीची जत्रा होती. कोंडवे धरणातून जादा पाणी सोडावं लागणार हे कळताच आपत्ती अधिकारी माधव नाईकनवरे, म्हणजे शर्वाणीचा थोरला भाऊ, यानं दुपारीच पेठ रिकामी करायचा आदेश काढला. त्यावर कुळथेनं चावडीवर लिहिलं. चावडी हे शहरातल्या प्रत्येकाच्या फोनवर असलेलं समाजमाध्यम. त्यानं लिहिलं होतं, "पुराचं नुसतं निमित्त. यांना आपली जत्रा बंद पाडायची आहे. दर्ग्याच्या मोहल्ल्याला का नाही नोटीस? गेल्या वर्षीही असंच घाबरवलं होतं. आलं का पाणी?"

मोहल्ला टेकडीवर आहे. तिथं पाणी चढायचं तर आधी सगळं शहर बुडायला हवं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला कोण काय करणार! लोक जत्रेतच थांबले, आणि पाणी आलं. ते ओसरलं त्याच आठवड्यात याच कुळथेनं लिहिलं, "प्रशासन झोपलं होतं का? लोकांना वेळेवर बाहेर का काढलं नाही?" आणि वर, "मी त्या खुर्चीत असतो तर एकही माणूस मेला नसता." पहिली पोस्ट त्यानं कधीच काढून टाकली होती. लोक ती विसरले. शर्वाणी विसरली नाही.

माधव निलंबित झाला. त्यांच्या दारावर शेण फेकलं गेलं. त्यानंतर तो घरातून फारसा बाहेर पडला नाही, फोन तर त्यानं कपाटातच टाकला. शर्वाणी मात्र चावडीवर रोज कुळथेशी भांडत राहिली. खोटं दिसलं की तिथल्या तिथं ठेचायचं, हा तिचा लहानपणापासूनचा बाणा. आणि दिवसा ती यंत्र बांधत राहिली.

"शारू, सोड ना आता," माधव आज सकाळीही म्हणाला होता. "जे झालं ते झालं."

"तुझं सोडून झालंय, दादा. माझं नाही. तू फक्त येऊन बस. त्याचा चेहरा बघ."

तो आला होता. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसला होता.

पुराची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती इंदुमती रेगे, समोरच्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर शिरवळी होती. नदी, पूल, गल्ल्या, आणि गल्ल्यांतून मुंग्यांइतके बारीक हलणारे ठिपके.

"हे आमचं प्रतिनगर," तांबोळी सर म्हणाले. ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक, बोलणं हळू, शब्द मोजके. "खऱ्या शहरातल्या प्रत्येक माणसामागे इथं एक छाया आहे. त्या माणसानं वर्षानुवर्षं चावडीवर जे लिहिलं, जे वाचलं, ज्यावर चिडला, त्यावरून ती घडवली आहे. एखादी बातमी कळली की तो माणूस काय करील, ते त्याची छाया करते."

"तंतोतंत?"

"एकेकट्याचं चुकतं, बाई. हजारोंचं चुकत नाही. पाण्याचं गणित तर शर्वाणी मॅडमनी आधीच सोडवलं होतं. अवघड होतं ते माणसांचं. बरेच महिने आमच्या प्रतिनगरात पूर यायचा, पण माणसं मरायची नाहीत. छाया मुकाट्यानं पेठ सोडून जायच्या."

"मग?"

"मग गेल्या आठवड्यात जुळलं." तांबोळी सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "आता घडलं तसंच घडतं. एकोणीस."

त्यांनी हे गेल्या आठवड्यात शर्वाणीला सांगितलं होतं, आणि काय बदललं तेही सांगायला लागले होते. ती आनंदात होती. "जुळलं ना? मग झालं!" म्हणून तिनं थेट आयोगाला फोन लावला होता.

"चावडीचा नियमही यात घातलाय," सर पुढे म्हणाले. "चावडीला खरं-खोटं कळत नाही. कळतं ते एवढंच, की कुठं भांडण जुंपलंय. ज्या पोस्टखाली बोलाचाली जास्त, ती पोस्ट जास्त लोकांना दिसते."

"आणि आज कुळथे काय करणार?"

उत्तर शर्वाणीनं दिलं. "ते म्हणाले होते, मी खुर्चीत असतो तर. आज ते खुर्चीत आहेत. त्या दिवशीची सकाळ सुरू होईल. सगळे निर्णय त्यांचे. नगराला अधिकारी बदललेला कळणार नाही, आदेशाखाली माझ्या भावाचंच नाव दिसेल. यांनी माणसं वाचवली तर माझा भाऊ दोषी. नाही वाचवली, तर..." तिनं कुळथेकडे बघितलं. "बसा या खुर्चीत."

हे सगळं चावडीवरून सगळ्या शहराला दिसत होतं. कुळथे हसत बसला. चाक अडखळलं, तो जरासा कलंडला, आणि शर्वाणीला आतून गार वाटलं. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच.

माणूस मूर्ख नव्हता, हे मान्य करायला हवं. त्यानं धरणाचे दरवाजे सकाळपासूनच थोडे थोडे उघडले. पेठ रिकामी करायचा आदेश माधवच्या कितीतरी आधी काढला. गाड्या पाठवल्या. जत्रेच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलावून घेतलं. शर्वाणी पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

पण पडद्यावरचे ठिपके हलेनात. थोडे पुलाकडे निघाले, मध्येच थांबले आणि माघारी फिरले.

"का थांबले?" कुळथे ओरडला. "गाड्या उभ्या आहेत की!"

"चावडीवर एक पोस्ट फिरतेय," तांबोळी सर म्हणाले.

पोस्ट पडद्यावर आली. जत्रा बंद पाडायचा डाव. मोहल्ल्याला का नाही नोटीस. गेल्या वर्षी आलं का पाणी.

"कोण आहे हा हरामखोर?" कुळथे बोलून गेला. "इथं माणसं मरतील आणि याला..."

नाव खाली होतंच. सभागृहात आधी एक जण हसला, मग सगळेच. कुळथेचे कान लाल झाले. शर्वाणी हसली नाही. तिला ते घोटाघोटानं प्यायचं होतं.

"समजूत काढा ना त्यांची," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमचंच तर ऐकतील ते."

त्यानं खुलासा काढला. त्याच्याच छायेनं त्यावर लिहिलं, "बघा, घाबरले!" त्यानं ध्वनिक्षेपक फिरवले. छायेनं लिहिलं, "आता दडपशाही." पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागलं. कुळथेनं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाला, "उचला त्याला."

"कोणाला?" शर्वाणीनं विचारलं. "नाव घ्या. आदेश आहे, नाव लागतं."

"हेरंब कुळथे," तो दात आवळून म्हणाला. "अटक करा."

अटक झाली. क्षणात पेठेत बातमी पसरली, की जत्रेसाठी एक जण तुरुंगात गेला. जे निघाले होते तेही माघारी आले. मग पाणी आलं. ठिपके एकेक करून विझले.

बावीस.

"माझ्या भावाचे एकोणीस होते," शर्वाणी म्हणाली. "तुम्हाला त्याच्याहून जास्त वेळ मिळाला होता. आता शहराला सांगा, कोण झोपलं होतं?"

हा क्षण तिनं मनात शेकडो वेळा पाहिला होता. त्यात तो रडायचा, माफी मागायचा. प्रत्यक्षात कुळथे पडद्याकडे बघत बसला होता. हरलेला माणूस बारकाईनं बघतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"मॅडम, एक शंका," तो म्हणाला. "माझं तेव्हा चावडीवर नाव काय होतं? चार मित्र आणि दोन मेव्हणे, एवढेच माझं वाचायचे. मग माझी पोस्ट अख्ख्या पेठेला कशी दिसली?"

त्यानं खुर्ची रेगेबाईंकडे वळवली.

"मला नका सोडू," तो रेगेबाईंना म्हणाला. "मी लिहिलं, कबूल आहे. पण ती वर कोणी नेली, तेवढं दाखवायला सांगा."

"ते दिसतं का?" रेगेबाईंनी विचारलं.

तांबोळी सर शर्वाणीकडे बघत होते. "दिसतं. पण मॅडम, मला वाटतं आपण आधी..."

"दाखवा, सर," शर्वाणी म्हणाली. "आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

पडद्यावर पोस्ट पुन्हा उमटली, तळाशी, कोणाच्या खिजगणतीत नसलेली. तिच्याखाली एक उत्तर आलं. पोस्ट एक पायरी वर सरकली. पुन्हा उत्तर, पुन्हा पायरी. "खोटारड्या, आधी नकाशा बघ." "धरणाची पातळी माहीत आहे का तुला?" "माझ्या भावाला शिकवणारा तू कोण?" प्रत्येक शब्द खरा होता, आणि प्रत्येक उत्तरानं पोस्ट आणखी हजारभर फोनांवर जाऊन बसत होती. उत्तरं एकाच खात्यावरून येत होती. शर्वाणी नाईकनवरे.

"हे कुठून आलं?" तिनं पडद्याकडे बोट केलं. "प्रयोग करणाऱ्यानं प्रयोगात उतरायचं नाही, हा आपला नियम आहे. माझी छाया यात नव्हती."

"म्हणूनच माणसं मरत नव्हती," तांबोळी सर म्हणाले. "मी सगळं बदलून पाहिलं, मॅडम. पाऊस, पूल, गर्दी. काही केल्या जुळेना. शेवटी तुम्हाला आत घातलं, आणि जुळलं. मी सांगत होतो तुम्हाला."

रेगेबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "पुन्हा चालवा. आदेश नाईकनवरेंचे, त्यांनी दिले होते तसेच आणि त्याच वेळी. कुळथेंची पोस्ट राहू दे. फक्त या बाईंना काढा."

प्रतिनगरात दुपार झाली. आदेश निघाला. पोस्ट आली, तळाशी पडली, तिथंच राहिली. ठिपके थोडे कुरकुरत रेंगाळले, मग ओळीनं पूल ओलांडून पलीकडे गेले. पाणी रिकाम्या पेठेत शिरलं. दुकानं बुडाली, देवीचा मांडव वाहून गेला. एकही ठिपका विझला नाही.

"माधव नाईकनवरे, तुमचा आदेश योग्य होता," रेगेबाई म्हणाल्या. "वेळही योग्य होती. आयोग तसं जाहीर करील."

हेच ऐकायला तिनं दोन वर्षं रक्त आटवलं होतं. ती मागच्या रांगेपर्यंत कशी गेली, तिला कळलं नाही. माधव आपल्या जागी तसाच बसला होता. सभागृहात एवढा गलका उसळला होता, त्याला मात्र कसलंच नवल वाटल्याचं दिसत नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"नियंत्रण कक्षात सगळं समोर दिसत होतं, शारू."

तेव्हा तिला त्याचा फोन आठवला. त्या दुपारी आला होता, घाईतला. 'उत्तर देऊ नकोस त्याला,' एवढंच तो म्हणाला होता. दादाचा हा मवाळपणाच त्याला नडतो, असं मनाशी म्हणत तिनं फोन ठेवला होता आणि पुढचं उत्तर लिहिलं होतं.

"नंतर तरी सांगायचंस! दोन वर्षं तू शेण झेललंस."

"काय सांगू?" तो म्हणाला. "सगळ्या गावात माझ्या बाजूनं बोलणारी तू एकटीच होतीस."

ती त्याच्या शेजारी बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तेवढ्यात तिचा फोन थरथरला, आणि मग थरथरतच राहिला. कुळथेनं दारापर्यंत जाता जाता लिहिलं होतं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! एकोणीस जणांची मारेकरीण आज स्वतःच्याच यंत्रात सापडली. भावाच्या आड लपून दोन वर्षं मला बदनाम करत होती." आणि त्याखाली, "ही काय विज्ञान शिकवणार?"

पोस्ट नुकतीच आली होती. अजून तळाशीच होती.

शर्वाणीच्या कानशिलात रक्त उसळलं. आपली चूक कबूल, शंभरदा कबूल. पण याचं तोंड? ज्यानं मुळात आग लावली, त्यानं हे बोलावं? आपण लपलो? आपण? तिची बोटं चालू लागली होती. खोटारड्या, बावीस तुझे होते, ते विसरलास का.

माधवनं तिच्या मनगटावर हात ठेवला. त्याचा हात गार होता.

"शारू, उत्तर देऊ नकोस त्याला."

तिनं वर बघितलं. खरंच बघितलं, आणि मानही डोलावली. पण तोवर तिनं 'पाठवा' दाबलेलं होतं. फोनच्या पडद्यावर कुळथेची पोस्ट एक पायरी वर सरकली.