सतरा नंबरचे काटे

एथेल आजीच्या स्वयंपाकघरात ऑर्विल सूप पीत बसला होता, पण त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. दुपारच्या भरतीबरोबर मत्स्यखात्याची बोट येणार होती. नदीतल्या माशांवर संशोधन करणाऱ्या डॉ. लुंडक्विस्टची तक्रार त्या बोटीवरच्या अधिकाऱ्याच्या हाती पडली, की केलाह नदीवरची गावाची मासेमारी बंद आणि आजी चोर ठरणार.

"स्वस्थ बस की जरा," बर्निस म्हणाली. पूर्वी ती खात्यात होती, आता खाजगी तपास करत असे. ऑर्विल तिचा मावसभाऊ. बोट तो चालवायचा आणि डोकं ती.

"ताई, पाणी चढतंय."

"चढू दे. तू प्यायल्याने उतरणार नाही."

ऑर्विलने तोंडातला काटा काढून बशीच्या कडेला ठेवला. आजीने लगेच वाडगा पुढे केला. "इकडे दे तो. हाही दे."

"मांजराला घालता वाटतं?"

"मांजराला!" आजीने वाडग्यावर फडकं टाकलं. "बर्निस, हा खरंच तुझा भाऊ आहे का गं? नदीचं असतं ते. नदीला जातं."

काय झालं ते आजीने थोडक्यात सांगितलं. काल सकाळी डॉक्टर हातात टकटकणारी पेटी घेऊन आला आणि न विचारता, मासे धुरावर सुकवायच्या तिच्या धुरीघरात शिरला. कोपऱ्यातल्या लाकडांमागे माशाचे काटे आणि त्याने अभ्यासासाठी माशाच्या पोटात घातलेली रेडिओची गोळी निघाली.

"तेही माझ्या नातवासमोर," आजी म्हणाली. "डेल्बर्ट त्याच्याकडेच कामाला आहे ना. पोराला मान वर करता येईना."

धुरीघर रिकामं होतं. बर्निस कोपऱ्यात वाकून बघत राहिली. ऑर्विल दारातून आत, आतून दारात करत राहिला. दाराच्या बिजागरीच्या लोखंडी पट्टीला मागून एक लाल, बटणाएवढं लोहचुंबक चिकटलेलं त्याच्या हाताला लागलं. चाळा म्हणून त्याने ते ओढून काढलं. किल्लीला टक्कन चिकटवायचं, सोडवायचं, पुन्हा चिकटवायचं.

"तो आवाज बंद कर," बर्निस ओझरतं बघून म्हणाली.

त्याने दोन्ही खिशात टाकलं.

डॉ. लुंडक्विस्टच्या संशोधन केंद्रात शेगडीपाशी बूट वाळत घातले होते. डॉक्टरच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"पाणी तापतंय," तो म्हणाला. "चिनूक सामन माशांच्या निम्म्या माद्या अंडी घालायच्या आतच मरतात. सतरा नंबर आजारी होती, कल्ल्यात जंतू होते, तरी सगळ्यांच्या पुढे चालली होती. का? ते मला कळायला हवं होतं. तिच्यामुळे पुढच्या हजार वाचल्या असत्या."

"जंतू होते हे कसं कळलं?"

"नदीत मासे अडवायला घातलेल्या कुंपणापाशी धरली, डाव्या कल्ल्याचं टोक कात्रीने कापून घेतलं, घशातून गोळी पोटात सरकवली आणि सोडून दिली. नदीत शिरल्यावर चिनूक काही खात नाही, म्हणून गोळी राहते. तोंडाच्या कोपऱ्यातून नुसती एक तार बाहेर दिसते."

"शेवटचा आवाज कुठे आला?"

"परवा संध्याकाळी, खळाळाच्या खाली. तिथे गळ टाकायलाही बंदी आहे. नंतर रात्रभर गप्प, आणि सकाळी धुरीघरात."

"रात्रभर गप्प का?"

"खोल डोहात गेली असेल."

"आणि डोहातून चालत धुरीघरात आली?"

डॉक्टर रागावला. त्याने पिशवी टेबलावर आपटली. आत पाठीचा कणा, बरगड्या, शेपूट.

"डोकं?" बर्निसने विचारलं.

"नव्हतं. ते लोक डोक्याचं सूप करतात."

ऑर्विलने बर्निसकडे बघितलं. आजीच्या सुपात डोकंच होतं.

निघता निघता बर्निस म्हणाली, "हंगामातल्या पहिल्या माशाच्या गावजेवणाला गेला होतात ना, डॉक्टर?"

"गेलो होतो. हातात काटे देऊन गुडघाभर पाण्यात उभं केलं मला. ते बूट बघा, अजून ओले आहेत."

बाहेर धक्क्यावर डेल्बर्ट गोळीचा आवाज पकडायची रेडिओची काठी पुसत बसला होता.

"मला काही विचारू नका," तो म्हणाला. "मी चोरली असती तर गोळी नदीत टाकली असती. आजीच्या घरात कशाला ठेवीन? रोज कान लावून ऐकत होतो मी तिला."

बोटीत बसल्यावर ऑर्विलने तोंड उघडलं. "ताई, वाईट वाटतं, पण हाच असणार. गोळीची सगळी माहिती याला. आणि आजी डोकी शिजवते."

"सूप आवडलं ना तुला?"

"आवडलं, पण..."

"मग खाल्ल्या अन्नाला जाग. लॉजकडे घे."

खळाळाशेजारचं लॉज पेनरने याच वसंतात विकत घेतलं होतं. तो हसऱ्या तोंडाचा, गोल गरगरीत माणूस. त्याने कॉफी ओतली. फ्रिजच्या दारावर मासे धरलेल्या पाहुण्यांचे फोटो होते, प्रत्येक फोटोवर एक लाल बटण. एकच फोटो चिकटपट्टीने लावलेला होता.

"गावाच्या जाळ्यांनी माझं वाटोळं केलंय," पेनर म्हणाला. "पाहुणे गळ टाकून बसतात आणि मासा जातो धुरीघरात. आता निदान एका धुरीघराचा तरी निकाल लागेल."

"गावात जाणं-येणं असतं?"

"मला कोण बोलावतंय? त्या जेवणालासुद्धा नाही गेलो. डॉक्टरला मात्र मी चालतो! त्याची खोकी माझ्याच बोटीतून आली. गोळीवरचं चुंबक निघालं की ती जागी होते म्हणे. वाटभर मला त्या चुंबकांवरच्या चिकटपट्ट्या तपासायला लावल्या. मी काय हमाल आहे?"

"नाही, नाही," बर्निस म्हणाली. "तुमचं लक्ष चांगलं आहे."

लांबून भोंगा वाजला. ऑर्विलने कॉफी तशीच टाकली.

खात्याची बोट धक्क्याला लागली तेव्हा डॉक्टर तक्रारीचा कागद आणि काट्यांची पिशवी घेऊन उभा होता. आजी आणि डेल्बर्ट एका बाजूला. पेनरला बर्निसने सोबतच आणलं होतं. अधिकारी उतरली. बर्निसला ओळखून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"पाच मिनिटं दे," बर्निस तिला म्हणाली. मग डॉक्टरकडे वळली. "डॉक्टर, पिशवीत काटे आहेत. या गावातला माणूस काटे घरात ठेवतो का?"

डॉक्टरने पिशवी खाली धरली. त्याने नकळत आपल्या पायांकडे बघितलं.

"काटे नदीला परत जातात. पाहुण्याच्या बशीतलेसुद्धा. आजीने मासा खाल्ला असता, तर तुम्हाला धुरीघरात काहीही सापडलं नसतं. काटे ठेवले ते पुरावा दिसावा म्हणून, आणि ठेवणाऱ्याला ही रीत माहीतच नव्हती. डेल्बर्ट याच घरात वाढला. तुम्ही स्वतः पाण्यात उभे राहिलात. जेवणाला न गेलेला एकच माणूस इथे आहे."

पेनर हसला. "रीत माहीत नसणं हा गुन्हा झाला का?"

"नाही. आता रात्रीचं बघू. गोळी गप्प होती, कारण तिला झोपवलं होतं. पुन्हा चुंबक लावलं की ती झोपते, हो ना डॉक्टर? आणि काढलं की जागी होते. हे पेनरना तुमच्याच खोक्यांनी शिकवलं. परवा बंदीच्या पाण्यात यांच्या पाहुण्याच्या गळाला सतरा नंबर लागली. तोंडातून तार लोंबत होती, तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. लॉजमधून टकटक ऐकू आली असती तर परवाना गेला असता. गोळी नदीत फेकता आली असती, पण आजीच्या घरात ठेवली तर गावाची जाळीही बंद होणार होती. मग हाताशी होतं ते चुंबक लावलं, फ्रिजवरचं. ऑर्विल, खिशातलं काढ."

"कुठलं?"

"सकाळपासून ज्याने माझं डोकं उठवलंयस ते."

ऑर्विलने किल्ली बाहेर काढली. तिला लाल बटण चिकटलेलं होतं.

"हे... बिजागरीला होतं," तो म्हणाला. "धुरीघरात."

"धुरीघरात गोळी जागी करायला चुंबक ओढलं आणि ते ओल्या बोटांतून उडून लोखंडाला चिकटलं. अंधारात सापडलं नाही. लॉजमध्ये एक फोटो आता चिकटपट्टीवर आहे."

"असली बटणं कुठेही मिळतात," पेनर म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"मिळतात. डोकं मात्र एकच. चिनूकसारखी मोठी मासळी धरणारा पाहुणा डोकं भिंतीवर लावायला ठेवून घेतोच. तुमच्या फ्रीझरमध्ये बघायला हरकत नसेल ना? डाव्या कल्ल्याचं टोक कात्रीने कापलेलं आहे."

पेनरची नजर खळाळाच्या दिशेने गेली. ती नजर पाहून अधिकारी बोटीत परत चढली. "चला, पेनर. किल्ल्या घ्या."

बोट लॉजकडे गेली. डॉक्टरने तक्रारीचा कागद चोळामोळा करून खिशात कोंबला. मग डेल्बर्टपुढे उभा राहिला.

"मी आधी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," डेल्बर्ट म्हणाला.

आजीने हात पुढे केला. "पिशवी."

डॉक्टरने दिली. "डोकं मिळालं की मला त्यातलं कानाचं हाड हवंय," तो अडखळत म्हणाला. "ती कुठे वाढली, किती तापलेलं पाणी सोसलं, ते त्यात कळतं."

आजीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बघ," ती म्हणाली. "बघून झालं की परत आण. आणि बूट काढून ये या वेळी."

ती काटे घेऊन पाण्यात उतरली. पाठोपाठ डेल्बर्ट, आणि अनवाणी डॉक्टर. धक्क्यावर ऑर्विलने खिसे चाचपले. चुंबक बर्निसने पुरावा म्हणून ठेवून घेतलं होतं, चाळा करायला काहीच उरलं नव्हतं. त्याने हात पाठीमागे धरले आणि भरतीचं पाणी ओसरायला लागेपर्यंत तो हलला नाही.