सोमवारची कोरी नोंद

नोंदी गेल्याचं कळलं तेव्हा मंगळवार होता आणि प्रबंध गुरुवारी द्यायचा होता. संशोधक मुलगी ग्रंथालयात येऊन बसली. रडली नाही. सहा वर्षांचं काम गेलं होतं आणि तिला काहीच वाटत नव्हतं.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा चढवला. नसत्या चौकशा हा त्यांचा जुना आजार.

"नेमकं काय गेलं?"

"नदीच्या गाळाच्या नोंदी. 'फेरतपासणी' लेबलाच्या, तेवढ्याच. माझ्या मार्गदर्शक सरांच्या पुस्तकातली मोजमापं मी पुन्हा घेतली होती."

"दुसरी प्रत?"

"मोबाइल, घरचा संगणक, सगळीकडे एकच फोल्डर. एकीकडून गेलं की सगळीकडून जातं. कचरापेटीतही नाहीत."

"म्हणजे पुसल्या नाहीत, उचलून नेल्यात. पासवर्ड कोणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे आणि घाईमास्तरकडे."

घाईमास्तर म्हणजे तिचा सहकारी; कायम घाईत, म्हणून हे नाव. एकाच नोकरीवर दोघांचा डोळा होता.

बाईंनी फोल्डर उघडलं. आत एकच कोरी नोंद होती, वर सोमवारची तारीख.

"ही तुझी?"

"नाही. मी कोरी नोंद कशाला ठेवू?"

बोलावून विचारल्यावर घाईमास्तराने हात झटकले. "मी आवरून काही ठेवलेलं कधी पाहिलंय का, मॅडम?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

मग दोघी सरांच्या खोलीत गेल्या. तिथे भिंतभर ड्रॉवर होते, त्यांत हाताने लिहिलेली कार्डं. एक ड्रॉवर उघडा होता. कार्डांमध्ये कोऱ्या चिठ्ठ्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर तारीख.

"मला संगणकातलं काय कळतंय?" सर म्हणाले.

"उचलून दुसरीकडे ठेवण्याइतकं कळतं," बाई म्हणाल्या. "सर, नोंदी तुम्ही नेल्यात. कार्ड काढलं की जागेवर तारखेची चिठ्ठी ठेवायची, ही तुमची सवय. माझ्या फळ्यांवर तीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या बघतेय. संगणकातही ती सुटली नाही. आणि फेरतपासणीत चुकलेले आकडे कोणाचे होते?"

सरांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"शुक्रवारी निवृत्त होतोय. तेवढं होऊन जाऊ दे म्हटलं. मग परत ठेवणारच होतो."

"तिची मुदत गुरुवारी संपते."

सरांनी कार्डांच्या मागून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. मुलीने तो उचलला. राग आला नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. तिने टेबलावरची एक कोरी चिठ्ठी घेतली, तारीख घातली आणि ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्हच्या रिकाम्या जागेत उभी केली.

ती गेल्यावर सरांनी चिठ्ठी वाचली. तारखेखाली लिहिलं होतं, 'परत येणार नाही.'