बाळारामच्या जागी

म्युझियमला जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. नातवंडं चेष्टा करतात, करू देत. बसा, चहा घ्या. आज कारण सांगतोच.

सत्त्याहत्तर साल. तेलाच्या पैशावर सौदीत रोज नवा रस्ता, रोज नवी इमारत उभी राहत होती. मी कऱ्हाडचा धोंडीराम, एसी मेकॅनिक. उत्तरेला डोंगरांच्या तोंडाशी आमच्या कंपनीचा कॅम्प होता आणि जवळच एक फार जुनं गाव. गावाबाहेर वाळूखालून रोमन लोकांच्या वेळची घरं निघाली होती, एक देऊळही. तिथं सरकारनं चार खोल्यांचं म्युझियम बांधलं आणि त्यात दोन एसी बसवायचं काम माझ्याकडे आलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तुमच्यातला एखादा उठून जायचा.

माझ्या खोलीत बाळाराम होता, कणकवलीकडचा गवंडी. हात सोन्याचा आणि जीभ तिखट. पण त्या आठवड्यात ती जीभ बंद पडली होती. घरून तार आली होती : आई बायजाबाई सीरियस, ताबडतोब निघा. निघणार कसं? पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला आणणाऱ्या मालकाच्या, तिजोरीत आणि कफील परदेशात. त्याच्या सहीशिवाय एक्झिट, म्हणजे देश सोडायचा शिक्का, नाही. ऑफिसातला कारकून रोज एकच सांगायचा, "बुक्रा." उद्या. चार दिवस झाले, तो उद्या काही उजाडेना. बाळारामनं जेवण सोडलं होतं. निघताना म्हातारीनं त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती, शेवटचं पाणी तुझ्या हातचं हवं.

शुक्रवारी सुट्टी. मी म्हटलं, चल, एसी चालवून बघायचेत, तुझंही मन रमेल. राजापूरच्या कादिरनं गाडी काढली. पोचलो तेव्हा बाराला थोडा वेळ होता. म्युझियमचा म्हातारा रखवालदार अली जुम्म्याच्या नमाजाला निघालाच होता. कादिरही त्याच्याबरोबर निघाला.

"म्युझियमातच बसा," जाता जाता कादिर म्हणाला. "खाली पडक्यात जाऊ नका. गेलातच तर तोंड उघडू नका. इथले लोक तिथून मुकाट्यानं जातात."

जाऊ नका म्हटल्यावर आपला माणूस काय करतो ते मी सांगायला नको.

काचेच्या कपाटांत नाणी होती, मातीचे दिवे होते, नाक तुटलेला एका बाईचा दगडी चेहरा होता. ते दहा मिनिटांत बघून झालं आणि आम्ही खाली उतरलो. कमरेएवढ्या भिंती, दगडी न्हाणीघर, ओसरीत रंगीत खड्यांची जमीन. बाळारामनं उकिडवं बसून तिच्यावरून हात फिरवला.

"धोंडीराम, सांधो बघ. नख जाणा नाय."

चार दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य. मला फार बरं वाटलं. त्या भरात मी त्याला पुढं देवळाकडे नेलं, आणि तीच माझी चूक.

देवळाचं अर्धं छप्पर शाबूत होतं. पाच पायऱ्या खाली उतरायच्या. बाहेर डोकं भाजणारं ऊन आणि आत ओल्या दगडाचा वास... विहिरीत उतरल्यासारखा. जिथं पावसाचा थेंब दोन दोन वर्षं पडत नाही, तिथं ओल कुठली? समोरच्या भिंतीत देवाचा कोनाडा होता, रिकामा. वरची बांग थांबली आणि पाठोपाठ वाराही थांबला. बरोबर बारा वाजले होते.

बाळारामनं चपला काढल्या.

"काय करतोस?"

"गाऱ्हाणा घालतंय," तो हळूच म्हणाला. "जागो असा म्हणजे जागेवालो असतलोच. मी थांबलंय काय तू 'व्हय म्हाराजा' म्हण."

आम्हा घाटावरच्यांना याची सवय नाही. पण कॅम्पात कोकणातली माणसं भरपूर, त्यामुळे मी ऐकून होतो. जागेच्या राखणदाराला साकडं घालायचं, आणि प्रत्येक मागणीला बरोबरच्यांनी होकार भरायचा. नारळ नव्हता. बाळारामनं खिशातले चार खजूर आणि एक सिगारेट कोनाड्यात ठेवली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझा नाव माका ठावक नाय. तू कोण, कुठलो, माका ठावक नाय. पण ह्यो जागो तुझो..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"माझी आवस थय मराक टेकली हा. माझ्या हातचा पानी तिका व्हया. आणि माका जावक मिळणा नाय..."

"व्हय म्हाराजा."

"तू कोणाक तरी माझ्या जाग्यार धाड. माझ्या रूपान धाड. तिचो जीव सुखान जांव दे, म्हाराजा!"

मी तोंड उघडलंच नव्हतं. माझ्या मागून, अगदी मानेजवळून, कोणीतरी म्हणालं...

"व्हय म्हाराजा."

आवाज बाळारामचा. आणि बाळाराम माझ्यासमोर उभा होता, तोंड मिटून.

पायऱ्या आम्ही कशा चढलो ते आठवत नाही. कादिर आला, आमचे चेहरे बघून समजला. "बोललात?" त्यानं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं त्या उन्हात गाडीच्या सगळ्या काचा वर केल्या.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. बाळारामच्या बायकोचं, पारूचं. पण माझ्या नावावर. बाळारामला वाचता येत नसे, त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. तो कॉटवर मांडी घालून समोर बसला. मी वाचायला लागलो.

'धोंडीराम भावोजींना पारूचा नमस्कार. तुम्ही सर्वांनी मिळून ह्यांना वेळेवर पाठवलंत, तुमचे उपकार फिटणार नाहीत. शुक्रवारी दुपारी अडीचची एसटी गेली, तीतून कोणी उतरलं नाही आणि हे मागच्या दारानं आत आले. सासूबाईंनी ह्यांच्या हातचं पाणी घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि तशाच गेल्या. अग्नी ह्यांनीच दिला...'

आमचे बारा म्हणजे तिकडचे अडीच. मी ती ओळ मनातल्या मनात परत वाचली.

"वाच मरे," बाळाराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "पानी घेतलान... माझ्या हातचा पानी घेतलान म्हातारीन!"

मी पुढचं वाचलं. न वाचता सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

'आज पाच दिवस झाले, हे एक अक्षर बोलत नाहीत. बरोबर बॅग नाही, कागद नाहीत. अन्नाला शिवत नाहीत. भर उन्हात खळ्यात बसून राहतात, घामाचा टिपूस नाही, आणि अंगाला ओल्या दगडाचा वास येतो. शालन जवळ जात नाही. हे बाबा नव्हेत म्हणते, म्हणून मी तिला मारलं. भावोजी, तिकडे ह्यांना काही झालं होतं का? खरं काय ते कळवा.'

बाळारामचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "अजून थयच असा तो?" त्यानं विचारलं. "माझ्या घरात?"

पुढच्या तीन दिवसांत तो कफीलच्या ऑफिसातून हलला नाही. शेवटी कफील आला आणि मी, कादिर, बाळाराम अशा तिघांसमोर कारकुनानं तिजोरीतून पासपोर्ट काढला. पानं उलटली, थांबला, बाळारामकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं. मग पासपोर्ट कादिरसमोर सरकवला. कादिरनं अरबी शिक्का वाचला.

"एक्झिट मारलाय, बाळाराम. त्याच शुक्रवारचा."

"पण मी हय उभो असंय!"

"खलास," कारकून म्हणाला. "हा माणूस गेला." आणि त्यानं हजेरीतून बाळारामचं नाव खोडलं. मी ओरडलो, कादिर हातापाया पडला. पण कागदावर जो माणूस देशाबाहेर गेला, त्याला पुन्हा बाहेर पाठवणार कसं?

त्या शुक्रवारी आम्ही तिघं परत देवळात गेलो. कादिर वरच्या पायरीवर उभा राहून पुटपुटत दुआ म्हणत होता. मला यायचं नव्हतं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण गाऱ्हाण्याला होकार भरणारा कोणीतरी लागतो.

"बा देवा म्हाराजा! तू माझा काम केलंस. आता तुझो माणूस परत बोलाव. माझा घर माका परत दे, म्हाराजा!"

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

ओला वास वाढत गेला. मग रिकाम्या कोनाड्यातून, दिवसभर राबून घरी टेकलेल्या माणसाच्या आवाजात, बाळारामच्याच आवाजात उत्तर आलं.

"नाय."

गाऱ्हाण्याला नाही म्हणतात हे मी ना कधी ऐकलं होतं, ना बाळारामनं. तो मटकन खाली बसला. आम्ही त्याला दोन्ही बगलांत धरून वर आणला.

इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नसलेला माणूस बाहेर दिसला की पोलीस उचलणार. अलीला दया आली. त्यानं त्याला म्युझियमच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. तो पडक्या भिंती सांधायचा, जमिनी झाडायचा. मी दर शुक्रवारी जायचो. तो कमी कमी बोलायला लागला. पारूला खरं लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा कागद फाडला.

अकरा महिन्यांनी मला रजा मिळाली. बाळारामनं एकच निरोप दिला. "पारूक सांग, खरो मी हय असंय. तेका घरातसून भायर काढ."

मी थेट त्याच्या गावी गेलो. दार त्यानंच उघडलं. तोच चेहरा, भुवईवरचा तोच व्रण. "येवा, धोंडीरामानू," म्हणाला. आता बोलायला लागला होता. पारूनं चहा आणला. ती खूश दिसत होती, अंगानं भरली होती. शालन त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणत होती. माझ्या जिभेवर निरोप आला आणि तिथंच थिजला. काय सांगणार होतो मी त्या बाईला?

एसटीच्या थांब्यापर्यंत तो मला पोचवायला आला. गाडी वळणावर दिसली तेव्हा अगदी हळू म्हणाला, "तो कसो असा थय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बरा आहे."

"तेका सांगा... पारूक दिवस गेले हत."

घरी कऱ्हाडला दीड महिना होतो, पण एक रात्र धड झोपलो नाही. परत जाताना मी ठरवूनच टाकलं, बाळारामला यातलं काही सांगायचं नाही. विमानतळावरून कादिरनं मला सरळ म्युझियमला नेलं. बाळाराम देवळाच्या पायऱ्या झाडत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

"भेटलंस?"

"भेटलो. सगळे बरे आहेत."

तो झाडतच राहिला. "सांगू नको," तो म्हणाला. "माका ठावक असा. झील होतलो."

आणि तीन महिन्यांनी पारूचं पत्र आलं, मुलगा झाल्याचं. ते मी त्याला वाचून दाखवलं नाही. त्याला कोणी सांगितलं होतं, हे विचारायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही.